ओळखीच्या शब्दांत दडलेले वाक्प्रचार

नागपूरच्या घराघरांत तुरीचे वरण शिजते. तरीही ‘चोर हातावर तुरी देऊन पळाला’ हे वाक्य ऐकताना येथील कोणाच्याही डोळ्यांसमोर धान्य येत नाही. इंग्रजी मालिकेतील पात्र ‘हू स्पिल्ड द बीन्स?’ असे विचारते, तेव्हा मात्र धरमपेठेतील खोलीत कूलरसमोर बसून मालिकांतून इंग्रजी शिकणारा विद्यार्थी सांडलेल्या शेंगा शोधू लागतो. गुपित कोणी फोडले, एवढेच त्या पात्राला विचारायचे असते.

स्टुअर्ट वेब आणि मायकेल रॉजर्स यांनी २००९ मध्ये ८८ दूरचित्रवाणी कार्यक्रमांच्या संहिता तपासल्या. मूळ शब्द आणि त्याची रूपे मिळून एक शब्दकुल धरले, तर सर्वाधिक वापरातील ३००० शब्दकुले आणि विशेषनामे ठाऊक असणाऱ्याला संवादांतील सुमारे ९५ टक्के शब्द ओळखीचे वाटतात. ९८ टक्क्यांसाठी ७००० शब्दकुले लागतात. हे आकडे उमेद देणारे आहेत, पण ही मोजणी सुट्या शब्दांची आहे. अनोळखी शब्द निदान अडवतो आणि कोश उघडायला लावतो. वाक्प्रचार मात्र ओळखीच्या शब्दांचा वेश घेऊन आपल्याच हातावर तुरी देतो.

डेव्हिड स्विनी आणि अ‍ॅन कटलर यांच्या १९७९ मधील प्रयोगांत इंग्रजी भाषकांनी परिचित वाक्प्रचार तशाच रचनेच्या साध्या शब्दसमूहांपेक्षा लवकर ओळखले. वाक्प्रचार मेंदूत एका शब्दासारखा अखंड साठवलेला असतो, असा अर्थ त्यांनी लावला. तो अखंडच शिकायचा असेल, तर कोशापेक्षा प्रसंग अधिक उपयोगी पडतो, असे मला वाटते, कारण बोलणाऱ्याचा चढलेला आवाज आणि ऐकणाऱ्याचा उतरलेला चेहरा पाहिल्यावर येथे शेंगांचा काही संबंध नाही, ही शंका आपोआप येते.

मालिका पाहताना पडद्यावरील उपशीर्षके (सबटायटल्स) कोणत्या भाषेत ठेवावीत, हा प्रश्न मात्र महत्त्वाचा आहे. होल्गर मिटरर आणि जेम्स मक्वीन यांनी २००९ मध्ये डच प्रेक्षकांना स्कॉटिश आणि ऑस्ट्रेलियन धाटणीचे इंग्रजी ऐकवले. इंग्रजी उपशीर्षके वाचणाऱ्यांना त्याच वक्त्यांची नवी वाक्ये पुढे अधिक नीट ऐकू आली, तर डच उपशीर्षकांमुळे उलट अडथळाच झाला. डोळे मातृभाषेत रमले की कान परक्या ध्वनींकडे दुर्लक्ष करीत असावेत.

रोज निराळा कार्यक्रम निवडण्यापेक्षा एकच मालिका ओळीने पाहावी. तीच पात्रे आणि तेच विषय असल्याने नव्या शब्दांची गर्दी कमी होते, आणि तोच वाक्प्रचार दुसऱ्या भांडणात पुन्हा कानी पडण्याची शक्यता वाढते.