थर कोण धरून ठेवतं?

भाच्याने नव्या घरी मित्रांना बोलावलं होतं आणि मी आदल्या दिवसापासूनच मुक्कामाला होते. ओट्यावर तीन बाटल्या, चार छोटे ग्लास आणि त्याची तालीम चाललेली. त्याला 'बी-५२' नावाचा शॉट जमवायचा होता. खाली कॉफीची लिकर (लिकर म्हणजे चव घातलेली दारू), मध्ये आयरिश क्रीम (व्हिस्की आणि मलईची लिकर), वर संत्र्याची लिकर, प्रत्येकी २० मिली, आणि तिन्हींचे थर वेगवेगळे दिसायला हवेत. पहिल्या ग्लासात मळकट तपकिरी काला झाला. "मावशी, कडक दारू खाली बसते ना? मग संत्र्याची आधी ओतू का?"

रसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं की असा प्रश्न ऐकून हात आपोआप ओट्याकडे जातात.

कडकपणाने दारू जड होत नाही, हलकी होते. पाण्याची घनता १ धरली तर शुद्ध अल्कोहोलची ०.७९. म्हणून ४० टक्क्यांची व्होडका ०.९५च्या आसपास असते. आता गंमत बघा. संत्र्याची लिकरही ४० टक्क्यांचीच, पण तिची घनता सुमारे १.०३. अल्कोहोल तेवढंच, मग वजन आलं कुठून? साखरेतून. मिठाच्या पाण्यात अंडं तरंगतं तोच हा हिशोब. आयरिश क्रीम १.०५च्या आसपास आणि कॉफीची लिकर, जी अक्षरशः पाकासारखी ओघळते, ती सुमारे १.१४. थरांचा क्रम साखर ठरवते. संत्र्याची आधी ओतली असती तर पुढचं सगळं तिच्यातून खाली घुसलं असतं.

मग क्रम बरोबर असूनही काला का झाला? त्याने बाटली वीतभर उंच धरली होती. अगदी दहा सेंटिमीटरवरून पडणारी धारसुद्धा सेकंदाला जवळजवळ दीड मीटर वेगाने आदळते आणि खालचा थर ढवळून टाकते. चमचा पालथा धरून, त्याचं टोक ग्लासच्या कडेला टेकवून, त्याच्या पाठीवरून ओतलं की धारेचा जोर चमच्यावरच मोडतो आणि द्रव आडवा पसरतो. दुसऱ्या ग्लासात थर बसले.

माझा जीव अडकला तो पुढच्या प्रश्नात. हे तिन्ही द्रव एकमेकांत विरघळणारे आहेत, तेल आणि पाण्यासारखे वैरी नाहीत. मग ते मिसळत का नाहीत? मिसळतात, पण रेणूंच्या पावलांनी. प्रत्येक रेणू शेजाऱ्यांचे धक्के खात कधी पुढे, कधी मागे जातो. आइनस्टाइनने १९०५ साली या भटकंतीचं गणित मांडलं: अंतराचा वर्ग वेळेच्या प्रमाणात वाढतो. पाण्यात अल्कोहोलचा विसरण गुणांक, म्हणजे रेणू किती झपाट्याने पसरतात याचं माप, सेकंदाला सुमारे १.२ × १०⁻⁹ चौरस मीटर. त्यावरून एक मिलिमीटर जायला सात मिनिटं लागतात. एक सेंटिमीटरला? दसपट नव्हे, शंभरपट, म्हणजे साडेअकरा तास. चार सेंटिमीटर रुंदीच्या ग्लासात २० मिलीचा थर सुमारे दीड सेंटिमीटर उंच भरतो. तेवढं अंतर तुडवायला अल्कोहोलला एक अख्खा दिवस पुरत नाही. साखरेचा रेणू मोठा, त्याचा वेग निम्म्याहून कमी.

ग्लास किंचित कलता करून सरळ करा आणि निरखून पहा. वरचा पृष्ठभाग झटकन सपाट होतो, आतली कॉफी-क्रीमची रेघ मात्र सावकाश डोलत राहते. तिथे घनतेचा फरक जेमतेम आठ टक्के, म्हणून रेघेला जागेवर आणणारं बलही तुटपुंजं. समुद्रात हेच घडतं. १८९३ साली सायबेरियाच्या उत्तरेला नॉर्वेचा शोधप्रवासी नान्सेन याचं 'फ्राम' जहाज काही केल्या वेग घेईना. खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर होता आणि जहाजाची शक्ती दोन्हींमधल्या सीमेवर अदृश्य लाटा उठवण्यात खर्च होत होती. एकमन या स्वीडिश समुद्रशास्त्रज्ञाने ते १९०४ साली उलगडून दाखवलं.

भाच्याला खालच्या थरात कोकमाचा पाक हवा होता. घनतेने तो बसेल, पण आंबट. त्यावर क्रीम ओतलं की दूध फाटतं तसं फाटणार. कोकम घ्यायचंच तर वर संत्र्याची लिकर आणि त्याच्यावर काजूची फेणी, क्रीम नको.

"मिक्स केली की जास्त चढते" हे त्याच्या प्रत्येक मित्राने ऐकवलं. कुठल्याही बाटलीतला इथेनॉलचा रेणू एकच. जर्मनीतल्या विटेन/हेर्डेके विद्यापीठाच्या २०१९च्या प्रयोगात ९० जणांवर बिअर आणि वाइनचा क्रम बदलून पाहिला, दुसऱ्या दिवशीच्या त्रासात फरक आढळला नाही. मोजायचे ते ग्रॅम आणि तास. या एका शॉटमध्ये सुमारे १२ ग्रॅम अल्कोहोल असतं, ३० मिली व्हिस्कीत १०. यकृत तासाला साधारण सात-आठ ग्रॅमच निपटतं. अर्ध्या तासात तीन शॉट घेतले की पुढचे साडेचार-पाच तास ते काम करत बसतं, आणि लिंबू, दही, कडक कॉफी यांपैकी कशानेही ते घाई करत नाही.

वरचा थर पेटवायचा बेत मी मोडला. ४० टक्क्यांच्या दारूची वाफ २६ अंशांनाच पेट घेते, आणि ग्लासची कड ओठ भाजण्याइतकी तापते. 'निळी ज्योत आली म्हणजे दारू शुद्ध' ही समजूत तर जीवघेणी आहे. मिथेनॉल हे विषारी अल्कोहोलही निळंच जळतं. मुंबईतल्या मालवणीत २०१५ साली शंभरहून अधिक माणसं गेली ती मिथेनॉलनेच. सीलबंद बाटलीखेरीज काहीही ग्लासात नको.

तालमीतला दुसरा ग्लास कुणी प्यायला नाही. सकाळी चहा ठेवायला गेले तेव्हा तो तिथेच होता. वरच्या संत्र्याची कड पुसट झाली होती. कॉफी आणि क्रीममधली रेघ मात्र अजून वाचता येत होती, कारण क्रीममधले स्निग्धाचे गोळे अल्कोहोलच्या रेणूपेक्षा शेकडो पटींनी मोठे. रात्रभरात ते मिलिमीटरभरही सरकले नव्हते.