पामीरला निघण्यापूर्वी : आमच्या प्रवाशांसाठी सुरक्षिततेचं माहितीपत्रक

ताजिकिस्तानातल्या पामीरची चौकशी करायला येणारे बहुतेक जण पहिला प्रश्न एकच विचारतात. अफगाणिस्तान अगदी शेजारी आहे, मग तिथे परक्या माणसाला धोका नाही का? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर या पत्रकात पुढे दिलं आहे. पण आम्हाला त्याहून जास्त काळजी असते ती उंचीची, रस्त्याची आणि दवाखान्यापासून असलेल्या अंतराची. त्यांच्याबद्दल फारसं कुणी विचारत नाही. म्हणून आधी त्यांच्याबद्दल.

पामीरचा हा भाग गोर्नो-बदख्शान या स्वायत्त प्रदेशात येतो. ताजिकिस्तानची जवळपास निम्मी जमीन या एका प्रदेशात आहे, पण वस्ती जेमतेम सव्वादोन लाखांची. खोरोग हे इथलं मुख्य शहर. राजधानी दुशान्बेहून खोरोगमार्गे किर्गिझस्तानातल्या ओशकडे जाणारा एम-४१ हा रस्ता म्हणजेच पामीर महामार्ग. 'महामार्ग' या शब्दावर जाऊ नका. बरीच वाट खडीची, खड्ड्यांची आणि काही ठिकाणी एका बाजूला थेट नदीत उतरणाऱ्या कड्याची आहे.

उंची

दुशान्बे सुमारे ८०० मीटरवर आहे. तिथून कलाइखुम्ब साधारण १२००, खोरोग २१००, वाखान खोऱ्यातलं ईश्काशीम २५०० आणि त्याच खोऱ्याच्या टोकाचं लंगर २८०० मीटर, असा रस्ता हळूहळू चढत जातो. लंगरनंतर मात्र तो एकदम उचलतो. खारगुशची खिंड ४३०० मीटरच्या वर आहे, अलीचूर गाव ३८०० च्या आसपास, मुर्गाब ३६०० आणि काराकुल सरोवराकाठचं गाव ३९०० मीटरवर. मुर्गाब आणि काराकुल यांच्या मधल्या अक-बायताल खिंडीची उंची ४६५५ मीटर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त असतो.

हाच प्रवास ओशकडून सुरू केला तर काय होतं? ओश सुमारे १००० मीटरवर. तिथून सकाळी निघालेली गाडी ४२८० मीटरची किझिल-आर्त खिंड ओलांडून संध्याकाळी काराकुलला पोहोचते. एका दिवसात झोपण्याची उंची जवळजवळ २९०० मीटरने वाढते. वेळ वाचतो म्हणून अनेक जण हा मार्ग मागतात. आम्ही तो देत नाही. ओशकडूनच यायचं असेल तर ३१७० मीटरवरच्या सारी-ताश गावात किमान दोन रात्री काढाव्या लागतील, ही आमची अट आहे.

गिर्यारोहणाच्या वैद्यकशास्त्रातला सर्वमान्य नियम असा आहे की ३००० मीटरच्या वर झोपण्याची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. पामीरमध्ये हा नियम काटेकोर पाळता येत नाही, कारण लंगर आणि अलीचूर यांच्या मध्ये मुक्कामाला गावच नाही. म्हणून आम्ही खोरोगला दोन आणि लंगरला दोन रात्री ठेवतो. लंगरच्या मोकळ्या दिवशी गावाच्या वरच्या कातळांवर कोरलेली जुनी चित्रं पाहायला चढून जायचं आणि झोपायला खाली यायचं. तो दिवस 'फुकट जातो' म्हणून कापायला सांगू नका. त्या चढण्या-उतरण्यानेच शरीर पुढच्या उंचीला तयार होतं.

डोकेदुखी, मळमळ, जेवण नकोसं होणं, झोप तुटणं ही विरळ हवेच्या त्रासाची पहिली लक्षणं. ती तरुण आणि धडधाकट माणसालाही होतात. रोज पळणाऱ्याला त्यातून सूट नाही, उलट असा माणूस त्रास अंगावर काढतो आणि उशिरा बोलतो. लक्षणं दिसली की त्या दिवशी आणखी वर जायचं नाही. चालताना तोल जाऊ लागला, बोलणं असंबद्ध झालं, नुसतं बसलेलं असतानाही धाप लागू लागली किंवा खोकल्यातून गुलाबी फेस आला, तर मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज येत आहे असं समजायचं. अशा वेळी ताबडतोब खाली उतरणं हाच खरा उपाय. सोबत्याबद्दल शंका आली तर त्याला सरळ रेषेत, एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं लावत दहा-बारा पावलं चालायला सांगा. जमलं नाही तर थांबण्यासारखं काही उरलेलं नाही, रात्र असली तरी.

आणि इथे पामीरची सर्वात अवघड गोष्ट येते. मुर्गाबहून खाली उतरायचं तर आधी वर चढावं लागतं. खोरोगकडे जाताना वाटेत ४२७० मीटरची कोयतेझेक खिंड आहे. ओशकडे जाताना आधी अक-बायताल आणि मग किझिल-आर्त. आजारी माणसाला घेऊन या खिंडी ओलांडणं धोक्याचं असतं आणि न ओलांडून चालत नाही. म्हणून मुर्गाबच्या पठारावर जाणाऱ्या आमच्या प्रत्येक गाडीत प्राणवायूचा सिलिंडर असतो. म्हणूनच लंगरला डोकं दुखत असेल तर ते तिथेच सांगा. तिथून परत फिरणं सोपं असतं, पठारावरून नसतं.

ॲसिटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स, या औषधाबद्दल निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ते त्यांना आवर्जून सांगा. झोपेची गोळी आणि दारू उंचीवर टाळा. यजमान आग्रहाने व्होडका पुढे करतील. छातीवर हात ठेवून नाही म्हटलं तर त्यांना राग येत नाही.

रस्ता

दुशान्बे ते खोरोग हा प्रवास सगळं सुरळीत असेल तर चौदा तासांच्या पुढे जातो. बाजारातून सुटणाऱ्या वाटून घेण्याच्या जीप तो एका दमात करतात आणि शेवटचा भाग बहुतेक वेळा अंधारात. पैसे वाचतात, पण त्या पल्ल्याला चालक एकच असतो. आम्ही कलाइखुम्बला मुक्काम करतो आणि सूर्य मावळल्यावर गाडी चालवत नाही. कलाइखुम्ब ते रुशान या पट्ट्यात रस्त्याचं मोठं बांधकाम झालं आहे. कामामुळे वाट काही तास बंद राहू शकते, तेव्हा त्या दिवसासाठी पाणी आणि खाणं जवळ ठेवा.

गाडीत बसल्यावर पहिलं काम म्हणजे मागच्या सीटचे पट्टे शोधणं. इथल्या बऱ्याच गाड्यांत ते सीटच्या कव्हराखाली दडपलेले असतात. चालकाला कव्हर काढायला सांगायला संकोच वाटून घेऊ नका. पामीरमध्ये प्रवाशाच्या जिवाला सर्वात मोठा धोका गाडीच्या अपघाताचा आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

जुलै-ऑगस्टमध्ये हवा सर्वात चांगली असते, पण हिमनद्या वितळण्याचे दिवसही तेच. ओढ्या-नद्यांचं पाणी दुपारनंतर वाढतं, म्हणून पाण्यातून गाडी न्यायची असेल तर ती सकाळी. १६ जुलै २०१५ ला खोरोगजवळच्या बारसेम गावावर चिखल-दगडांचा लोंढा आला, गुंत नदी अडली आणि महामार्ग पाण्याखाली गेला. त्याच वर्षी ७ डिसेंबरला बारतांग खोऱ्यात ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला. बारतांगचा रस्ता तर दरवर्षी कुठे ना कुठे वाहून जातो. त्या खोऱ्यात जायचं असेल तर परतीच्या विमानाआधी किमान तीन मोकळे दिवस हवेत. चालक 'आज नको' म्हणाला तर त्या दिवशी निघायचं नाही. याबाबतीत आम्ही त्याच्या बाजूने उभे राहतो आणि तुम्हीही राहावं अशी आमची विनंती आहे.

माणसं आणि सीमा

पामीरी माणूस पाहुण्याला जपतो. खोरोग आणि वाखानमधले बहुसंख्य लोक इस्लाममधल्या इस्माइली पंथाचे आहेत. घराघरांत मुक्कामाची सोय होते आणि एकट्या स्त्रियाही या भागात प्रवास करतात. चोरी-लुबाडणुकीची भीती इथे आम्हाला फारशी वाटत नाही. याचा अर्थ राजकीय धोका नाही असा होत नाही, आणि तो लपवून सहल विकणं आम्हाला मान्य नाही.

२९ जुलै २०१८ ला दांगराजवळ परदेशी सायकलस्वारांवर गाडी घालून हल्ला झाला. चौघे मारले गेले. ही जागा पामीरच्या बरीच आधी, खतलोन प्रांतात आहे, पण दुशान्बेहून पामीरकडे जाणारे अनेक जण त्याच बाजूने जातात. नोव्हेंबर २०२१ मध्ये आणि पुन्हा मे २०२२ मध्ये खोरोग आणि रुशानमध्ये सरकार व स्थानिक लोक यांच्यात रक्तरंजित संघर्ष झाला. पहिल्या वेळी या प्रदेशातलं इंटरनेट काही महिने बंद होतं. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस अफगाण हद्दीतून झालेल्या हल्ल्यांत खतलोनच्या सीमाभागात आणि दरवाझ जिल्ह्यात पाच चिनी नागरिक मारले गेले. कलाइखुम्ब याच दरवाझमध्ये आहे.

म्हणून प्रत्येक गट निघण्याआधी आम्ही त्या आठवड्यातली स्थिती खोरोगमधल्या आमच्या माणसांकडून आणि दुशान्बेतल्या भारतीय दूतावासाच्या सूचनांवरून तपासतो. सीमेलगतचा पट्टा शंकास्पद वाटला तर सहल पुढे ढकलतो. वाटेत असताना काही घडलं तर आहात त्या गावात थांबायचं, गर्दीच्या जागी जायचं नाही आणि इथल्या राजकारणावर कुणाशीही बोलायचं नाही. तुम्ही विमानाने परत याल. ज्याच्याशी बोललात त्याला तिथेच राहायचं असतं.

पंज नदी हीच सीमा आहे आणि रस्ता शेकडो किलोमीटर तिच्या काठाने जातो. काही ठिकाणी पात्र इतकं अरुंद आहे की पलीकडच्या गावातली मुलं ओळखू येतात. मोह होतो, पण नदीकाठी उतरू नका. ताजिक-अफगाण सीमेवर भूसुरुंग पेरलेले आहेत आणि पुराच्या पाण्याबरोबर ते जागा बदलतात. लघवीला थांबलात तरी रस्त्याच्या कडेपलीकडे जायचं नाही. सैनिक, चौक्या आणि पूल यांचे फोटो काढू नका. ड्रोन घरीच ठेवा. हा अमली पदार्थांच्या तस्करीचा जुना मार्ग आहे, त्यामुळे दुसऱ्याची पिशवी किंवा पाकीट कितीही गोड बोलून दिलं तरी घ्यायचं नाही. तुमच्या रोजच्या औषधांत झोपेची, मानसिक आजाराची किंवा तीव्र वेदनाशामक औषधं असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत जवळ हवी.

कागदपत्रं

ताजिकिस्तानचा ई-व्हिसा काढतानाच गोर्नो-बदख्शानचा परवाना मागायचा असतो. तो नसेल तर पहिल्याच नाक्यावरून परत पाठवतात. पासपोर्ट आणि परवान्याच्या डझनभर छापील प्रती न्या, कारण नाक्यांवर त्या ठेवून घेतात आणि मोबाइलवरचं चित्र पुरत नाही. झोरकुल अभयारण्य आणि सारेझ सरोवर यांचे परवाने वेगळे आहेत.

किर्गिझ-ताजिक सीमा २०२१ च्या चकमकींनंतर बंद झाली होती. १३ मार्च २०२५ ला दोन देशांनी सीमाकरारावर सह्या केल्या. तरी किझिल-आर्तवरून जायचं असेल तर त्या महिन्याचा नियम आणि तुमच्या व्हिसावर तो नाका चालतो की नाही हे आम्ही लेखी तपासून घेतल्याशिवाय तिकिटं काढू नका. दोन देशांच्या चौक्यांमध्ये सुमारे वीस किलोमीटरचं निर्मनुष्य अंतर आहे आणि तिथे कुठलंही सार्वजनिक वाहन नाही.

दवाखाना, विमा, संपर्क

खोरोगमध्ये आगा खान मेडिकल सेंटर आहे. या प्रदेशातल्या चांगल्या उपचारांची जागा तीच. मुर्गाबहून ते ३०० किलोमीटरपेक्षा जास्त दूर आहे. हेलिकॉप्टर बोलावलं की येतं अशी सोय पामीरमध्ये नाही, हे कृपया घरच्यांनाही समजावून सांगा. विम्याच्या कागदात दोन गोष्टी पाहा : ५००० मीटरपर्यंतची उंची त्यात धरली आहे का, आणि आजारी माणसाला गाडीने किंवा विमानाने हलवण्याचा खर्च मिळतो का. साध्या प्रवास विम्यात या दोन्ही बहुधा वगळलेल्या असतात.

मेंढपाळांची आणि याकपालांची कुत्री अंगावर येतात. तंबूच्या दिशेने चालत जाऊ नका, लांबून हाक द्या. कुत्रा चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि सगळा कार्यक्रम सोडून खोरोग गाठा. रेबीजची लस आधीच घेऊन ठेवली तर हे ओझं बरंच हलकं होतं. पाणी उकळलेलंच प्या.

खोरोग सोडल्यावर मोबाइलला रेंज तुटक मिळते, पठारावर बहुतेक वेळ मिळतच नाही. दोन-तीन दिवस फोन आला नाही तर घाबरू नका, असं घरी आधीच सांगून ठेवा. पैसे रोख लागतात. सोमोनी, म्हणजे इथलं चलन, खोरोगपर्यंत बदलून घ्या, मुर्गाबच्या भरवशावर राहू नका. थोडे डॉलर चांगल्या, न दुमडलेल्या नोटांत ठेवा.

कुणाला आम्ही नेत नाही

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, दम्याचा त्रास अजून आटोक्यात नसलेले आणि गरोदर स्त्रिया यांना आम्ही मुर्गाबच्या पठारावर नेत नाही. डॉक्टरांचं पत्र असलं तरी नाही. खोरोग आणि वाखानपर्यंतची कमी उंचीची सहल त्यांना देता येते का, ते डॉक्टरांशी बोलून ठरवू. आजार लपवून नाव नोंदवलेला माणूस सगळ्या गाडीला अडचणीत आणतो, म्हणून अर्जातला आरोग्याचा भाग मनापासून भरा.

निघण्याच्या पंधरा दिवस आधी आमच्याकडे हे पोहोचलेलं असावं : पासपोर्ट, व्हिसा आणि परवान्याच्या प्रती, विम्याचा क्रमांक, रक्तगट, चालू औषधांची नावं आणि घरच्या दोन माणसांचे फोन नंबर. उंचीच्या त्रासामुळे कुणी मध्येच परत फिरलं, तर त्याच्या खोरोगपर्यंतच्या वेगळ्या गाडीचा खर्च आम्ही करतो. म्हणून पैशांचा विचार करून त्रास लपवू नका.