काश्मिरी विस्थापितांचा मायग्रंट दाखला: अर्ज नेमका कुठे अडतो

दरवर्षी इंजिनिअरिंगचे प्रवेश सुरू झाले की पुण्या-मुंबईतल्या काश्मिरी पंडित घरांमधून तोच प्रश्न येतो. आजोबांचं मायग्रंट रेशनकार्ड आहे, वडिलांचे कागद आहेत, मग मायग्रंट, म्हणजे विस्थापित, म्हणून सवलतीच्या जागेसाठी केलेला मुलाचा अर्ज बाद का झाला? कारण बहुतेक वेळा साधंच असतं. आजोबांच्या नोंदणीत नातवाचं नाव कोणी घातलेलंच नसतं.

१९८९-९० पासून काश्मीर खोरं सोडावं लागलेल्या कुटुंबांची नोंद जम्मूतल्या मदत व पुनर्वसन आयुक्त (मायग्रंट) यांच्या कार्यालयात असते. अशी सुमारे ६२ हजार कुटुंबं आहेत. त्यातली ४० हजारांच्या आसपास जम्मूत, २० हजारांच्या आसपास दिल्ली परिसरात आणि बाकीची आपल्यासारख्या राज्यांत विखुरलेली. रोख मदत, शिधा, प्रवेशातली सवलत, पंतप्रधान पॅकेजमधल्या (विस्थापितांसाठी खोऱ्यात राखलेल्या सरकारी) नोकऱ्या, सगळं या एका नोंदीवर उभं आहे.

पहिला गैरसमज मदतीचा. जम्मूत गरजू कुटुंबांना माणशी ३,२५० रुपये, कुटुंबाला जास्तीत जास्त १३,००० रुपये महिना मिळतात. शिवाय माणशी ९ किलो तांदूळ, २ किलो कणीक आणि कुटुंबाला एक किलो साखर. सरकारी नोकरदार कुटुंबं यात येत नाहीत, आणि इतर राज्यांत मदत किती द्यायची हे त्या त्या सरकारने ठरवायचं असतं. म्हणून महाराष्ट्रातले कितीतरी जण म्हणतात, "आम्ही कधी रिलीफ घेतलं नाही, म्हणजे आम्ही मायग्रंट नाही." चूक! रिलीफ न घेणारं कुटुंबही नोंदणीकृत असू शकतं. पैसे मिळत नाहीत म्हणून नोंदणीकडे पाठ फिरवू नका.

आता खरी अडचण. १९९० मध्ये नोंद झाली ती कुटुंबप्रमुखाच्या नावाने. पुढे मुलं वेगळी झाली, पुण्यात फ्लॅट घेतले, नातवंडं इथेच जन्मली. कार्डावर मात्र तीच जुनी माणसं, त्यातली काही आता हयातही नाहीत. नातवाचं नाव घालायचं तर त्याचा जन्मदाखला, आधार आणि आईवडिलांच्या नोंदणीचा पुरावा द्यावा लागतो. हे सगळ्यांकडे असतं. मोडतं ते नावावर. काश्मीरच्या कागदावर माणूस नुसता "राहुल रैना" असतो. महाराष्ट्रातल्या शाळेने आपल्या रिवाजाप्रमाणे आडनाव आधी आणि वडिलांचं नाव शेवटी घालून त्याचं "रैना राहुल मोतीलाल" केलेलं असतं. वडील इथे मोतीलाल, आजोबांच्या कार्डावर मोती लाल. जम्मूतल्या बाबूला ही सगळी वेगवेगळी माणसं वाटतात आणि फाइल त्रुटी काढून परत येते. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र पहिल्याच अर्जाला जोडा. मागतील तेव्हा देऊ म्हणून थांबलात तर तेव्हा प्रवेश फेरी संपलेली असते.

ज्या कुटुंबांनी तेव्हा नोंदच केली नाही, त्यांच्यासाठी २०२० मध्ये वाट उघडली. १९८८ ची मतदार यादी, राज्य सरकारच्या नोकरीचा पुरावा, मालमत्तेचे कागद यांवर नोंद करता येते. मात्र ती नोंदणी डोमिसाईलपुरती आहे, तिच्यावर रिलीफची आशा धरू नका. मतदार यादी घरात कोणाकडे असणार? रात्रीतून निघालेल्या माणसांनी ट्रंकेत मतदार यादी भरली नव्हती. काकांचं जुनं नेमणूकपत्र किंवा पगारपत्रक मात्र कुठेतरी सापडतं. तिथूनच सुरुवात करा.

जम्मू-काश्मीरचं डोमिसाईल ही पुढची पायरी. मे २०२० च्या नियमांनुसार नोंदणीकृत मायग्रंटला पंधरा वर्षं तिथे राहिल्याचा पुरावा लागत नाही आणि दाखला तहसीलदार नव्हे, मदत आयुक्त देतात. मुदत पंधरा दिवसांची. ती चुकवणाऱ्या अधिकाऱ्याच्या पगारातून ५० हजार कापण्याची तरतूद आहे. वाचायला छान वाटतं! पण अपुरा अर्ज परत पाठवला की दोष अर्जदाराच्याच माथी येतो, म्हणून अर्ज पुरा भरा. काश्मिरी घरात आलेल्या मराठी सुनेला २०२१ च्या दुरुस्तीमुळे पत्नी म्हणून डोमिसाईल मिळू शकतं. त्याने ती मायग्रंट ठरत नाही, एवढं लक्षात ठेवा.

प्रवेशाच्या केंद्रीय सूचनांत कटऑफमध्ये १० टक्क्यांपर्यंत सूट, अभ्यासक्रमनिहाय ५ टक्के जादा जागा आणि तांत्रिक संस्थांत किमान एक जागा असं आहे. महाराष्ट्राच्या केंद्रीय प्रवेश फेरीतही या विद्यार्थ्यांसाठी वेगळा गट असतो, त्याचा दाखला ठरावीक नमुन्यातच लागतो. जात पडताळणीची पावती चालते असं ऐकून पालक इथेही अर्जाची पावती घेऊन येतात. ती चालेल असं धरून बसू नका. बारावीच्या निकालाची वाट पाहू नका, मूल अकरावीत असतानाच नाव घालून घ्या. एजंटांपासून दूर राहा. ते तुमच्याच कागदांच्या झेरॉक्स काढून पैसे घेतात.

मालमत्तेच्या बाबतीत गणित उलटं आहे, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असतं. १९९७ च्या मायग्रंट स्थावर मालमत्ता कायद्यात १ नोव्हेंबर १९८९ नंतर खोरं सोडलेला नोंदणीकृत माणूस तर येतोच. पण नोकरी-धंद्यासाठी आधीच बाहेर पडलेला, खोऱ्यात मालमत्ता असलेला आणि अशांततेमुळे तिथे राहू न शकणारा माणूसही येतो, नोंद नसली तरी. म्हणजे सत्तरच्या दशकात मुंबईला आलेल्या आजोबांचं श्रीनगरमधलं घर बळकावलं असेल तर तक्रार करता येते. सप्टेंबर २०२१ पासून त्यासाठी ऑनलाइन पोर्टल आहे. अतिक्रमण, परस्पर फेरफार, दबावाखाली झालेली विक्री, सगळं त्यात नोंदवता येतं. या मालमत्तेची राखण करण्याची जबाबदारी कायद्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांवर आहे.

अडचण खसरा क्रमांकाची, म्हणजे जमिनीच्या सर्व्हे नंबरची. तिथे आपल्यासारखा सातबारा नसतो. जमाबंदी असते, तीही उर्दूत, आणि नव्या पिढीला ती वाचता येत नाही. जम्मू-काश्मीर सरकारच्या "आपकी ज़मीन आपकी निगरानी" या संकेतस्थळावर जमाबंदीच्या प्रती पाहता येतात. गाव आणि तहसील माहीत असेल तर घरातल्या उर्दू येणाऱ्या एखाद्या वडीलधाऱ्याला शेजारी बसवा, आजोबांचं नाव शोधा, खसरा लिहून घ्या आणि मगच तक्रार भरा.