एकट्या 'सेट'चे ४३० अर्थ आणि डोक्यात होणारी निवड

आमच्या बडोद्यात दांडिया बाजारातल्या मराठी घरांत दिवसभर हे चालतं, दही सेट झालं का, एसी चोवीसवर सेट कर, लग्नात सोन्याचा सेट घातलाय, मुलगा कॅनडात सेट झाला. कोणी अडखळत नाही, आणि मला यातलं हे न अडखळणंच भारी वाटतं.

१९८९च्या ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत या एका शब्दाचे ४३० अर्थ दिलेत. पुढे त्याच डिक्शनरीच्या कामात 'रन' त्याच्याही पुढे गेला, नुसतं क्रियापद म्हणून ६४५!

खरं म्हणजे 'सेट' हे दोन शब्द आहेत. दागिन्यांचा सेट म्हणजे समूह, तो लॅटिन 'सेक्टा'वरून फ्रेंचमार्गे आला. दुसरा जुना इंग्रजी, अर्थ 'बसवणं', आणि त्याचं मूळ आपल्या संस्कृत 'सद्'शी जुळतं, ज्यातून सदन, संसद आलं. आता आपलंच 'बसवणं' बघा ना, गणपती बसवतो, नळ बसवतो, नाटक बसवतो, अंगठीत खडा बसवतो, म्हणजे इंग्रजीत जे झालं तेच आपल्याकडेही झालंय.

मग डोकं नेमका अर्थ कसा पकडतं? १९७९ मध्ये डेव्हिड स्विनी या संशोधकाने लोकांना हेडफोनवर वाक्यं ऐकवली. त्यात 'बग्ज' हा शब्द होता, म्हणजे किडेही आणि चोरून ऐकायची यंत्रंही. तो कानावर पडताक्षणी पडद्यावर एखादा शब्द दाखवायचा आणि तो खरा शब्द आहे का हे पटकन सांगायचं. वाक्य किड्यांबद्दल आहे हे स्पष्ट असूनही 'मुंगी' आणि 'हेर' हे दोन्ही शब्द लवकर ओळखले गेले, पण जेमतेम तीन अक्षरं पुढे गेल्यावर फक्त मुंगीच लवकर! म्हणजे डोकं आधी दोन्ही अर्थ उघडतं आणि नको तो लगेच मिटवतं, आपल्याला पत्ताही लागत नाही.

अमेरिकी भाषा-अभ्यासक जॉर्ज झिफने १९४५ मध्येच दाखवलं होतं की जास्त वापरातल्या शब्दांना अर्थही जास्त असतात. छोटा, तोंडात बसलेला शब्दच पुन्हा पुन्हा वापरणं स्वस्त पडतं, उरलेलं काम संदर्भ करतो.

कायद्याच्या कागदावर मात्र असं चालत नाही, तिथे कुठला अर्थ घ्यायचा हे आधीच ठरलेलं लागतं. म्हणूनच सयाजीराव महाराजांनी राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली असे प्रतिशब्द ठरवून घेतले आणि १९३१ मध्ये 'श्री सयाजी शासन कल्पतरू' हा कोश निघाला.