आयव्हरी की राखाडी झाकेचा ऑफ-व्हाइट?

शेड कार्डवर दोन्ही पांढरेच वाटतात. दिवाळीच्या तोंडावर दुकानात गर्दी असते, पेंटर घाई करतो आणि आपण ‘कुठलाही द्या’ म्हणून मोकळे होतो. तसं करू नका. हे दोन तुकडे झेरॉक्सच्या कोऱ्या कागदावर ठेवून बघा. एक पिवळसर दिसेल, दुसरा राखाडी.

फरक टिंटचा आहे. पांढरेपणा दोन्हीकडे टायटॅनियम डायऑक्साइडचाच. आयव्हरीत दुकानातलं रंग मिसळायचं मशीन मुख्यतः पिवळा सोडतं, दुसऱ्यात काळा. एवढ्याशा थेंबांनी काय होणार, असं वाटतं. पण चारही भिंती रंगल्या की त्या एकमेकींवर उजेड टाकतात आणि झाक गडद होते.

खरा निकाल खोलीतल्या उजेडावर लागतो. नाशिकच्या पंचवटीतल्या अरुंद गल्लीत थेट ऊन फारसं येत नाही, येतो तो आभाळाचा निळसर उजेड. तिथे राखाडी झाकेची भिंत थंड पडते, पावसाळ्यात तर मळकी वाटते. अशा घराला आयव्हरीच द्यावा, यात मला शंका नाही; ढगाळ दुपारीही तो सायीसारखा उबदार राहतो. उलट गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये हॉल पश्चिमेला असेल, तर संध्याकाळच्या उन्हात तोच आयव्हरी पार पिवळा होतो. तिथे राखाडी झाक ऊन छान सोसते.

फरशीही बघा. पॉलिश केलेल्या कोट्याची हिरवट छटा भिंतीच्या खालच्या भागावर चढते, आणि राखाडी झाकेवर ती जास्त जाणवते.

दिवे बदलणार असाल तर आधी बदला. ३००० केल्विनच्या पिवळ्या एलईडीखाली आयव्हरी आणखी पिवळा, ६५०० च्या पांढऱ्याखाली राखाडी आणखी निळसर.

स्वयंपाकघरात आयव्हरी. फोडणीचा तेलकट पिवळेपणा त्यावर लवकर दिसत नाही.

दोन्हींचे छोटे डबे आणून पुठ्ठ्यावर दोन-दोन हात मारा. इमल्शन वाळल्यावर थोडं गडद होतं, म्हणून ओल्यावर ठरवू नका. पुठ्ठे वेगवेगळ्या भिंतींवर टेकवून सकाळी, दुपारी आणि दिवे लावल्यावर बघा. शेड ठरली की लागणारा सगळा रंग एकदम घ्या आणि पेंटरला डबे मोठ्या बादलीत एकत्र करायला सांगा. वेगवेगळ्या वेळी टिंट केलेल्या डब्यांत किंचित फरक पडतो, आणि इतक्या फिक्या रंगात तो भिंतीच्या मधोमध दिसतो.