ठिपक्यांच्या फुलाचे कुल

बागकामाच्या व्यवहारात ‘लेपर्ड लिली’ म्हणून ओळखले जाणारे नारिंगी, तांबड्या ठिपक्यांचे फूल लिलीच्या कुलातले (वनस्पतींच्या ‘फॅमिली’तले) नाही, आयरिसच्या कुलातले आहे. हिमालयापासून चीन, कोरिया, जपानपर्यंत ही वनस्पती रानात आपोआप वाढते. गोव्यात ती भेटते ती बागेतच. आयरिस म्हटले की निळी-जांभळी, तीन पाकळ्या खाली झुकलेली आणि तीन वर उभी असलेली काश्मिरी फुले डोळ्यांपुढे येतात. या फुलाच्या सहाही पाकळ्या जवळजवळ सारख्या आणि सपाट पसरलेल्या असल्यामुळे त्याचे कुल कोणाच्या चटकन लक्षात येत नाही.

चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या फळा-फुलांच्या माटोळीला आपण कळलावीची फुले बांधतो. रंगाने ती या फुलाला जवळची वाटतील, पण कळलावीच्या फुलात सहा पुंकेसर असतात आणि अंडाशय पाकळ्यांच्या बुडाच्या वर असतो. आयरिस कुलातल्या फुलात पुंकेसर तीनच असतात आणि अंडाशय पाकळ्यांच्या खाली, देठाच्या टोकाशी फुगीर दिसतो. घरोघरी लावल्या जाणाऱ्या पांढऱ्या-गुलाबी पावसाळी लिलीचाही अंडाशय खालीच असतो, परंतु पुंकेसर सहा. म्हणून एवढ्या एका मोजणीने ती आयरिसपासून वेगळी पडते. पानांवर मात्र विसंबू नये. तलवारीसारखी, दोन रांगांत एकमेकांना बुडाशी कवटाळून पंख्यासारखी पसरलेली पाने वेखंडालाही असतात, आणि वेखंड तर या कुलापासून फार दूरचे आहे.

फूल एकच दिवस टिकते. कोमेजताना पाकळ्या गळत नाहीत. सहाही एकत्र पिळल्या जातात आणि त्यांची घट्ट वळी होऊन ती वाढत्या बोंडाच्या डोक्यावर काही काळ राहते. बोंड पिकले की त्याच्या तीन झडपा मागे वळतात, आणि आतला काळ्याभोर, चकचकीत बियांचा घोस उघडा पडतो. बिया लगेच विखरत नाहीत, मधल्या दांड्याला चिकटून राहतात. दुरून पाहणाऱ्याला ते एखादे रसाळ फळ वाटावे. इंग्रजीत या झाडाला ब्लॅकबेरी लिली म्हणतात ते यामुळेच.

नामकरणात तर मोठमोठे फसले. वनस्पतींच्या शास्त्रीय नामकरणाची पद्धत घालून देणाऱ्या लिनीअसने १७५३ साली एकाच ग्रंथात या वनस्पतीला दोन नावे दिली. एकदा तिला आयरिसच्या कुलातल्याच इक्सिया या प्रजातीत (कुलाखालच्या गटात, ‘जीनस’मध्ये) घातले, तर दुसऱ्यांदा, जर्मन प्रवासी केंफरने जपानहून आणलेल्या माहितीवरून, चक्क ऑर्किडांच्या एपिडेंड्रम प्रजातीत. पुढे रूढ झालेले बेलमकांडा हे नाव मात्र आपल्याच किनाऱ्यावरचे. मलाबारचा डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान रीड याच्या मलाबारच्या वनस्पतींवरील बारा खंडांच्या ‘हॉर्टस मलाबारिकस’मध्ये (१६७८–१६९३) या झाडाचे चित्र आहे आणि नाव तेथूनच उचललेले आहे. त्याच ग्रंथाच्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या कोचीच्या तीन वैद्यांचे, ग्रंथाला माहिती पुरवल्याचे, १६७५ सालचे कोकणी प्रमाणपत्र नागरी लिपीत छापलेले आहे. कोचीचा हा कोकणी समाज पोर्तुगीज अमदानीत गोव्यातून तिकडे गेलेला. गोमंतकीय वाचकाने या खंडाकडे जरा आपलेपणाने पाहावे, असे मला वाटते.

बेलमकांडा ही स्वतंत्र प्रजाती मानणे चालू शतकात सोडावे लागले. जनुकीय तुलनेत ही वनस्पती आयरिसच्या शेजारी नव्हे, तर आयरिसच्याच शाखांमध्ये बसते असे दिसून आले आणि २००५ मध्ये गोल्डब्लाट व मॅबरली या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला आयरिस डोमेस्टिका हे नाव दिले. इक्सियाबरोबर लिनीअसने दिलेले ‘चायनेन्सिस’ (चीनचे) हे जुने विशेषण वापरता आले नाही, कारण आयरिस चायनेन्सिस हे नाव दुसऱ्याच एका वनस्पतीला आधी देऊन झाले होते. म्हणून लिनीअसने ऑर्किड समजून दिलेले ‘डोमेस्टिका’ हे विशेषणच कामी आले. ही वर्गवारी बागाइतदारांना काहीशी आधीच कळली असावी. आयरिस डिकॉटोमा या जातीशी हिचा संकर करून त्यांनी ‘कँडी लिली’ तयार केली होती, आणि त्या संकराला बीही धरते. प्रजाती खरोखरच दूरच्या असत्या, तर असा सुपीक संकर सहसा साधला नसता.