पिंढऱ्या दुखण्याचा दोष लॅक्टिक ॲसिडचा नव्हे

सोलापुरात सिद्धेश्वर तलावाच्या परिसरात पहाटे पळणाऱ्या एखाद्या हौशी धावपटूच्या पिंढऱ्या आदल्या दिवशीच्या लांब पल्ल्याने भरून आल्या, की ‘लॅक्टिक ॲसिड साचले आहे, पळूनच ते निघेल’ असा सल्ला (बहुधा प्रेमानेच) दिला जातो. प्रत्यक्षात जोरात पळताना स्नायूंत वाढलेले लॅक्टेट (शरीरात लॅक्टिक ॲसिड याच रूपात असते) साधारण तासाभरात पूर्ववत होते, आणि त्याचा काही भाग हृदय व स्नायू इंधन म्हणून वापरतात. २४ ते ७२ तासांत तीव्र होणारे दुखणे स्नायुतंतूंना, विशेषतः उतारावर पळताना, होणाऱ्या सूक्ष्म इजांशी निगडित असते. हलके चालल्याने तात्पुरते बरे वाटते, परंतु जोरात पळण्याने दुखणे निघून जात नाही. नडगीच्या हाडावर एकाच जागी दाबताच कळ येत असेल, तर मात्र हाडाला सूक्ष्म तडा गेलेला असू शकतो. तेव्हा पळणे थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.